मे महिन्यातलं बाळंतपण, माहेर रावेर तालुक्यात: तयारी कशी करावी?

केळीचा_मळा (26 मार्च, रात्री 9:40)
नमस्कार मंडळी. बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलंय. ती पुण्याला नोकरीला असते. आज 33 आठवडे पूर्ण झाले, तारीख 14 मे दिली आहे. हिमोग्लोबिन 10.2, रक्तगट बी निगेटिव्ह, दाजींचा पॉझिटिव्ह. बीपी, शुगर व्यवस्थित. आमचं घर रावेरपासून आत, खेड्यात. मागचं घर जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं), पुढे पत्र्याच्या दोन खोल्या. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, बोअरिंगचं पाणी जड. दुपारची लाईट हमखास जाते. आजीची यादी शेगडी, धुरी, राईची उशी, गुटी अशी चालू आहे आणि बहिणीची यादी ऑनलाइन मागवायच्या सामानाची. दोन्हींतलं खरं लागणारं किती, ते जाणकारांनी सांगावं.

परिचारिका_धुळे (26 मार्च, रात्री 10:25)
दादा, दोन्ही याद्या जरा बाजूला ठेवा. तुमच्या बहिणीच्या बाबतीत सगळ्यात आधी रक्तगट.

आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं की आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्या बाळाला याचा त्रास सहसा होत नाही, पण पुढच्या खेपेला होतो. ती प्रतिपिंडं होऊ नयेत म्हणून 28व्या आठवड्याला अँटी-डीचं 300 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देतात. ते झालंय का आणि इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्टचा (आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडं आहेत का ते बघणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट फाइलमध्ये आहे का, हे आजच विचारा. राहिलं असेल तर पुण्याच्या डॉक्टरांना लगेच फोन करा.

28व्या आठवड्याचं झालं म्हणून विषय संपत नाही. बाळ जन्मल्यावर नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट तपासतात. पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत पुन्हा एक इंजेक्शन लागतं. हे प्रत्येक मेडिकलवर नसतं. दवाखान्यात साठा असतो का ते एप्रिलमध्येच विचारून ठेवा, ऐनवेळी रविवारी रात्री शोधत बसू नका.

दुसरं, रक्त. बी निगेटिव्ह बाईला बी निगेटिव्ह किंवा ओ निगेटिव्हच चालतं आणि हे दोन्ही गट कमी सापडतात. नात्यातले, गावातले दोन-तीन दाते आत्ताच हेरून ठेवा. त्यांनी गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं नसावं. गट तोंडी विचारू नका, कार्ड बघा. 'मी बी निगेटिव्ह आहे' म्हणणारे पुष्कळ जण तपासल्यावर पॉझिटिव्ह निघतात.

हिमोग्लोबिन 10.2 म्हणजे थोडं कमी आहे. 11च्या खाली ॲनिमिया धरतात. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. इतक्या कमतरतेला दिवसाला दोन गोळ्या देतात, पण ते डॉक्टरांना विचारून. गोळी चहासोबत, दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही. मध्ये दोन तास तरी जाऊ द्या आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. हातात सात आठवडे आहेत, तेवढ्यात हिमोग्लोबिन 11 गाठू शकतं.

दवाखाना निवडताना चार प्रश्न विचारा. रात्री सिझर होतं का? भूल देणारे डॉक्टर किती वेळात पोहोचतात? बाळाचे डॉक्टर जन्माच्या वेळी हजर असतात का? रक्त कुठून येतं? जिथे 'बघू, होऊन जाईल' असं उत्तर मिळेल, तिथे या बहिणीचं नाव घालू नका. नाव दोन ठिकाणी घाला: जवळच्या ठिकाणी एक आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एक. बऱ्हाणपूर तुम्हाला जवळ पडतं हे खरं, पण ते मध्य प्रदेशात. तिथे बाळ झालं तर जन्माची नोंदही तिथलीच होते, एवढं लक्षात ठेवा.

अमळनेरकर (27 मार्च, सकाळी 7:15)
प्रवासाचं सांगतो. 14 मेच्या हिशोबाने 9 एप्रिलला 35 आठवडे पूर्ण होतात. त्याच्या आत आणा. पुढे नेलं तर रस्त्यात कळा लागायची भीती वाढते आणि नव्या डॉक्टरांना तिची ओळखही होत नाही.

रेल्वेने आणणार असाल तर भुसावळपर्यंत रात्रीची गाडी आणि एसी डबा. गरोदर बाईला खालच्या बर्थचा कोटा असतो, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला जोडून खिडकीवर तिकीट काढा. भुसावळहून पुढे सकाळच्या गारव्यात गाडीने. पुण्याहून थेट कारने आणायचं असेल तर पहाटे निघा, दर दोन तासांनी उतरवून पाच-दहा मिनिटं चालवा. एका जागी बसून पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका गरोदरपणात जास्त असतो. सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांवर आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून. पोटावरून कधीच नाही.

फाइल तिच्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही. सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, माता-बाल संरक्षण कार्ड. सगळ्याचे फोटो काढून दाजींच्या आणि तुमच्या मोबाईलमध्येही ठेवा.

वायरमन_भुसावळ (27 मार्च, सकाळी 9:05)
खोलीचं माझ्याकडून. पत्र्याच्या खोलीत बाळंतीण अजिबात ठेवू नका. मेमध्ये बाहेर 44-45 असतं तेव्हा पत्र्याखाली त्याहून जास्त भाजतं आणि पत्रा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. धाब्याचं घर थंड राहतं, तेच घ्या. पण त्याची डागडुजी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

धाब्यातून माती झडते, म्हणून कड्यांखाली (छताच्या लाकडांखाली) जुनी सुती चादर ताणून चांदवा बांधा. प्लॅस्टिक लावू नका, वरून पडलेली माती त्यात साठते आणि एक दिवस सगळं एकदम खाली येतं. भिंतींची बिळं, फटी चुना-सिमेंटने बुजवा. उन्हाळ्यात विंचू गारव्याला घरात शिरतात. बाज भिंतीपासून वीतभर लांब, पांघरुणाचं टोक जमिनीला लागू द्यायचं नाही, लाकूडफाटा आणि गोवऱ्यांचा ढीग त्या खोलीला लागून ठेवायचा नाही. रंग द्यायचा तर चुन्याचा, महिनाभर आधी. ऑइलपेंट नको, वास जाता जात नाही.

इन्व्हर्टरचा हिशोब. 12 व्होल्ट 150 एएच बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. हाती लागतात साधारण 1200. साधा पंखा 75 वॅट आणि एलईडी दिवा 10, म्हणजे 85. म्हणजे चौदा तास निघतात. त्यातच 180 वॅटचा कूलर चढवला की साडेचार तासांत बॅटरी बसते. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर यातलं निम्मं धरा. 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा लावला तर जुनी बॅटरीही रात्र काढते. नवीन बॅटरी घेण्याआधी हा पंखा घेऊन बघा, खर्च बराच वाचेल. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच टाका, तुमच्या बोअरिंगच्या पाण्याने प्लेटा जातील.

कूलर चालतो, आपली हवा कोरडी असल्याने चांगलाच चालतो. समोरची खिडकी हातभर उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. झोत बाळावर नको, भिंतीवर सोडा. टाकीतलं पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करा. त्यातच डास अंडी घालतात.

मेहरूणची_बोरं (27 मार्च, दुपारी 12:30)
कपड्यांचं बोलते. ऑनलाइन यादीतलं निम्मं उडवा. पहिल्या महिन्यात लागतात ती झबली 8-10, लंगोट 28-30, दुपटी 8, मेणकापड 2, टोपडी 2, पातळ गोधडी 2. मोजे-हातमोजे मेमध्ये नकोत. बूट, स्वेटर, गादीवजा बेबी-नेस्ट काहीच नको.

लंगोट घरी शिवा. जुनं नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर असतं. पदर आणि काठ काढून 50 सेंटिमीटरचे चौकोन कापले की 28 निघतात. पण एकपदरी लंगोट लघवी धरत नाही, दोनपदरी शिवायचे. म्हणजे एका लुगड्याचे 14. दोन लुगडी लागतील. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा, आतून टोचते. बांधायला सुती नाडी, इलास्टिक नको.

कापड खरंच सुती आहे का हे बघायला एक दोरा काढून जाळा. सुताची भुरभुरीत राख होते, मिश्रण असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. तसलं कापड बाळाला नको, घाम जिरत नाही.

आता महत्त्वाचं. पेटीतले जुने कपडे, दुपटी काढणार असाल तर त्यात डांबरगोळ्या होत्या का ते विचारा. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. त्यांना डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या नुसत्या वासाने, स्पर्शाने रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. तेलाने माखलेल्या त्वचेतून ते आणखी शोषलं जातं. असे कपडे दोनदा धुवा, तीन-चार दिवस उन्हात टाका, वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका. खरं म्हणजे बाळाच्या कपड्यांसाठी त्या पेटीच्या वाटेलाच जाऊ नका.

दवाखान्याची पिशवी 36व्या आठवड्यात भरून दाराजवळ. आईला पुढून उघडणारे गाऊन 3, मोठ्या मापाच्या सुती निकर 6, मोठे पॅड 2 पाकिटं, टॉवेल 2, चप्पल, थर्मास, वाटी-चमचा, चार्जर. बाळाला झबली 6, लंगोट 12, दुपटी 4, टोपडं 1. टोपडं मेमध्येही न्यायचं. जन्मल्याबरोबर बाळ ओलं असतं, प्रसूतिगृहात त्याची उष्णता डोक्यातून झपाट्याने जाते. घरी आल्यावर मात्र काढून टाका.

केळीचा_मळा (27 मार्च, दुपारी 2:10)
सर्वांचे आभार. बहिणीशी बोललो, 28व्या आठवड्याला अँटी-डी झालंय, टेस्ट निगेटिव्ह आहे. दुसऱ्या इंजेक्शनचं बघतो. मेहरूण ताई, पाण्याची बोंब आहे, रोज 12-15 लंगोट धुवायचे कसे? आणि बाळाला उन्हाळा बाधतोय हे ओळखायचं कसं? आजी म्हणते उन्हात तान्ह्या बाळाला चमचा-चमचा पाणी पाजलंच पाहिजे.

एसएनसीयू_सिस्टर (27 मार्च, दुपारी 3:45)
पाणी नाही. सहा महिने पाण्याचा थेंब नाही, अगदी मेमध्येसुद्धा. आईचं दूध बहुतेक पाणीच असतं. बाळाचं पोट लिंबाएवढं, त्यात पाणी भरलं की तेवढं दूध कमी जातं. आणि तिसऱ्या दिवशी येणारं, रांजणात साठवलेलं पाणी म्हणजे जुलाबाला आमंत्रण.

बाळ तापलंय का हे हातापायांवरून कळत नाही, ते गारच लागतात. छातीला किंवा मानेला मागून हात लावा. चटका लागतो, घाम आहे, बाळ लालसर दिसतंय, तर एक कपडा कमी. मेमध्ये एक सुती झबलं आणि लंगोट पुरे. आपल्याकडे होतं असं की बाळाला टोपडं, दुपटं, वर गोधडी गुंडाळतात आणि तिसऱ्या दिवशी बाळ तापतं. त्याच वेळी आईचं दूध पूर्ण उतरलेलं नसतं. दोन्ही मिळून पाणी कमी पडल्याचा ताप येतो. कपडे काढून, पंख्याखाली घेऊन, दर दीड-दोन तासांनी पाजलं की बऱ्याचदा उतरतो. पण काखेत 38 किंवा वर भरला तर उन्हाचा म्हणून घरी बसायचं नाही. तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्गाचा तापही असाच दिसतो, आणि तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही. डिजिटल थर्मामीटर आणा, काखेतच लावा.

दूध पुरतंय का ते लघवीवरून. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर ते रक्त नसतं, लघवीतले क्षार असतात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसला तर दूध कमी पडतंय. वजन पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. जास्त उतरलं तर दाखवा.

उलटं पण लक्षात ठेवा. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर उन्हाळ्यातही गार पडतं. पहाटे तीन-चारला कूलरच्या खोलीत अशी बाळं 36.5च्या खाली जातात. त्यांना आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं.

आणि तुमची बहीण निगेटिव्ह गटाची, म्हणून कावीळ. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला तर तो नेहमीचा नव्हे, लगेच तपासणी. नंतरही तळपाय-तळहात पिवळे झाले तर थांबायचं नाही. कोवळ्या उन्हात ठेवून कावीळ उतरेल म्हणून वाट पाहू नका. आपल्याकडे सकाळी आठचं ऊनही कोवळं नसतं.

मेहरूणची_बोरं (27 मार्च, दुपारी 4:20)
लंगोटाचं. शी धुवायला एक बादली, साबणाला एक, खंगाळायला दोन. पहिल्या दोन बादल्यांना बोअरिंगचं चालेल. शेवटचं खंगाळणं मात्र नळाच्या पाण्यातच. जड पाण्यात साबण धुतला जात नाही, कापडात राहतो, उन्हात ते पापडासारखं कडक होतं आणि बाळाच्या जांघा लाल होतात. वाळल्यावर झटकून, इस्त्री फिरवून घडी घाला. कपडे मऊ करायचं लिक्विड वापरू नका, कापड पाणी शोषत नाही. मळ्याच्या कुंपणावर लंगोट टाकू नका, फवारणीचं औषध उडून बसतं.

रात्री एक डायपर लावला तर आकाश कोसळत नाही. तेवढंच तीन-चार लंगोटांचं धुणं वाचतं. तीन-चार तासांनी बदला.

जुनं_ते_सोनं (27 मार्च, संध्याकाळी 6:50)
सगळं डॉक्टरी झालं. पण शेकशेगडीशिवाय बाळंतिणीची कंबर भरून येत नाही. आपल्या आज्या-पणज्यांची दहा-दहा बाळंतपणं बाजेखाली शेगडी ठेवूनच झाली. सव्वा महिना गरम पाणी, तेही मोजून. पाणी जास्त दिलं की पोट सुटतं.

परिचारिका_धुळे (27 मार्च, संध्याकाळी 7:30)
काका, मान ठेवून सांगते. ती दहातली किती जगली हेही त्या आज्यांना विचारायला हवं होतं.

बंद खोलीत कोळशाची, गोवऱ्यांची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. आई आणि बाळ झोपेतच गुंगतात. धुरीच्या धुराने बाळाच्या श्वासनळ्या सुजतात. हे झालं बारमाही. मेमध्ये वर 44 अंश आणि खाली शेगडी, म्हणजे बाळंतिणीच्या अंगातलं पाणी काढून घेणंच. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता, टाक्यांवर ताण, डोकेदुखी. पाजणाऱ्या बाईला दिवसाला तीन लिटर पाणी-ताक-वरण-पेज मिळून लागतं, आपल्या उन्हाळ्यात जरा जास्तच. पोट सुटतं ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे, पाण्यामुळे नाही. कंबर शेकायची तर रबरी पिशवीत गरम पाणी, कापडात गुंडाळून, दहा मिनिटं. सिझरच्या टाक्यावर नाही.

गिरणामाय (27 मार्च, रात्री 8:05)
उन्हायामां शेगडी? काय गरज शे व माय! घरच चूल व्हई जास.

आजीचं मन राखायचं असेल तर ओवा-बाळंतशोपा तव्यावर भाजून पुरचुंडी करा आणि तिने बाळंतिणीच्या पाठीला लावावी. बाळ दुसऱ्या खोलीत. धूर नाही, आजीही खूश.

राईची उशी नको. बाळाला उशीच नको, कुठलीच. पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवा. डोकं गोल व्हावं म्हणून झोपताना तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि जागेपणी थोडा वेळ पालथं, समोर बसून. साडीच्या झोळीत मान छातीवर वाकते आणि नाकाची वाट दबते. झोळी दिवसा, डोळ्यासमोर, थोडा वेळ. रात्रीची नाही. गुटी, मध, गुळाचं पाणी यातलं काही नाही. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझम (जंतूच्या विषाने अंग लुळं पडण्याचा आजार) होऊ शकतो. पहिला पिवळा चीक पिळून टाकायला सांगणारी बाई अजून गावोगाव भेटते, तिला दारातूनच परत पाठवा. जन्मल्यापासून तासाच्या आत बाळ छातीला.

नाळेला काही लावायचं नाही. राख, हळद, तेल, शेण काहीच नाही. कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली बांधा. पाच ते पंधरा दिवसांत आपोआप पडते. आजूबाजूची कातडी लाल झाली, पू आला, वास आला तर दाखवा. अंघोळ घालणाऱ्या बाईला आधीच सांगा: नखं कापलेली, बांगड्या काढलेल्या, कानात-नाकात तेल नाही, बाळाच्या छातीतून दूध पिळायचं नाही, पायाला धरून उलटं करायचं नाही. उन्हाळ्यात खोबरेल वापरा, मोहरीच्या तेलाने घामोळ्या वाढतात. पावडरही नको, बाळाच्या श्वासात जाते.

वांग्याचं_भरीत (28 मार्च, सकाळी 10:15)
लाडवांचं कोणी बोललंच नाही. आधी करून डबे भरून ठेवू नका, मेमध्ये खोबरं आठ-दहा दिवसांत खवट होतं आणि तूप सुटून लाडू बसतात. सामान आणून ठेवा, लाडू बाळ घरी आल्यावर, तेही निम्म्या मापाने. डिंक 125 ग्रॅम, खारकेची पूड 250, सुकं खोबरं 250, बदाम 50, खसखस 25, गूळ 250 ते 300, तूप 150 ते 175. डिंक एक दिवस उन्हात वाळवा. मध्यम आचेवर थोडा-थोडा तळा. आच मोठी झाली की वरून फुलतो आणि आत खडा राहतो, मग दाताला चिकटतो. बोटाने दाबून चुरा झाला म्हणजे झाला. गूळ नुसता विरघळवायचा, पाक नको, लाडू दगड होतात. दिवसाला एक पुरे. शुगर निघाली असेल तर हे लाडू डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत.

बाकी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, उडदाची डाळ, मेथी, शेपू, ताक. मिरचीचा हात आवरा, बाळासाठी नाही, बाळंतिणीच्या पित्तासाठी.

आशाताई_चोपडा (28 मार्च, दुपारी 1:00)
कागदपत्रं. बहिणीची नोंद पुण्याला झालेली असली तरी माता-बाल कार्ड कुठेही चालतं. गावात आल्या-आल्या आशा आणि उपकेंद्राच्या नर्सबाईंना भेटून नाव घालून घ्या, म्हणजे घरी भेटी मिळतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा येऊन बाळाचं वजन, ताप, नाळ बघते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. 9 एप्रिलची गाठता आली तर पाहा.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि गाडी मोफत आहे. 2011पासून आहे, तरी लोक मेडिकलच्या चिठ्ठ्या घेऊन फिरतात. गाडीसाठी 102, तातडीला 108. परत घरी सोडायलाही गाडी मिळते, सुट्टी होताना मागा.

मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात, 3000 आणि 2000. दुसरा हप्ता जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांची लस झाल्यावर. खातं बहिणीच्या स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं. लग्नानंतर बँकेत एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर पैसे अडकतात, ते आत्ताच जुळवा. सरकारी नोकरीत असेल किंवा कंपनीकडून असाच लाभ मिळत असेल तर ही योजना लागू नाही.

जन्माची नोंद 21 दिवसांत. दवाखाना कळवतो, पण फॉर्मवरची स्पेलिंग तुम्ही वाचून बघा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे हाच दाखला लागतो. बारशाआधी नाव ठरलं नाही तरी नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येतं.

लस: जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी. 14 मेला झालं तर पुढची 25 जूनला येते. तेव्हा बहीण पुण्याला गेली असली तर कार्ड तिच्याबरोबर गेलं पाहिजे.

सातपुड्याचा_पायथा (28 मार्च, दुपारी 3:20)
धागा वाचणाऱ्या नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या लोकांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडे सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) बराच आहे. आईची तपासणी झाली नसेल तर आत्ता करा. आधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी. आजार असलेल्या बाईचं बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या ठिकाणीच. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की तिच्या पेशी अडकून हाडं दुखायला लागतात, तो त्रास कळांमध्ये झाला तर फार अवघड. आणि पाडा रस्त्यापासून लांब असेल तर दिवस भरत आल्यावर माहेरघरात येऊन राहा. आरोग्य केंद्राजवळच राहायची सोय असते. तारीख जूननंतरची असेल तर पाऊस सुरू होण्याआधी या, नाला भरल्यावर झोळी करून आणण्यात तास जातात.

परिचारिका_धुळे (28 मार्च, संध्याकाळी 6:00)
निघायचं कधी, हे राहिलं. बाळाची हालचाल रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली हव्यात. कमी झाल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना.

खऱ्या कळा ठराविक अंतराने येतात, वाढत जातात, चालल्याने थांबत नाहीत. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की खोट्या कळा पुष्कळ येतात, अशा वेळी दोन ग्लास पाणी पिऊन तासभर पडून बघा. पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर अशा कळा आल्या की निघा असं सांगतात. तुमचं गाव आत आहे, गट निगेटिव्ह आहे, तुम्ही आठ मिनिटांवरच निघा.

अंगावरून गर्भातलं पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं. वेळ लिहून ठेवा, पॅड लावा, रंग बघा. हिरवट-काळपट असेल तर बाळाने पोटातच शी केली आहे, 108ला फोन करताना तसं सांगा. रक्त जाणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यापुढे अंधारी, तोंडावर अचानक सूज, छातीखाली दुखणं यातलं काहीही असेल तर त्याच क्षणी. पायाची सूज उन्हाळ्यात बहुतेकींना येते, तोंडाची नाही. एरंडेल पाजून कळा आणायच्या भानगडीत पडू नका. कळा येवोत न येवोत, जुलाब नक्की होतात, आणि मेमध्ये ते परवडत नाहीत. 14 मे उलटून गेली तर डॉक्टर 41 आठवड्यांच्या आसपास कळा सुरू करायचं बघतात. 'बाळ आपल्या वेळेने येईल' म्हणत घरी बसू नका.

केळीचा_मळा (28 मार्च, रात्री 9:15)
7 एप्रिलचं तिकीट बघतोय. धाब्याला उद्यापासून हात घालतो. शेवटची शंका: अँटी-डी दवाखान्यात नाही म्हणाले, आणून द्या म्हणतात. जळगावहून मेच्या उन्हात आणायचं कसं? बर्फात ठेवून?

परिचारिका_धुळे (28 मार्च, रात्री 9:40)
बर्फात नाही. 2 ते 8 अंशांत राहायला हवं, गोठलं तर वाया जातं. छोटा थर्माकोलचा डबा घ्या. आईस-पॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खुळखुळायला लागलं की डब्यात घाला. इंजेक्शन खोक्यासकट कापडात गुंडाळून मध्ये ठेवा, पॅकला टेकू देऊ नका. डबा कारच्या डिकीत नको, सीटखाली सावलीत. घरी आणून ठेवायचं असेल तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि फ्रीजरजवळही नाही. तुमच्याकडे दुपारी लाईट जाते, म्हणून त्यापेक्षा दवाखान्याच्या फ्रीजमध्येच बहिणीच्या नावाची चिठ्ठी लावून 1 मेच्या सुमारास ठेवून द्या. खोक्यावरची मुदत जूनच्या पुढची आहे का बघून घ्या आणि बिल जपून ठेवा, नाही लागलं तरी मेडिकलवाला फ्रीजची वस्तू परत घेत नाही, हे आधीच धरून चला.